कुणाकडून, कुणासाठी

आर्ट लाबो १९४३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेडिओ केंद्रावरून पहिल्यांदा बोलले. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी पाम स्प्रिंग्जच्या राहत्या घरी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं, तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते आणि त्यांचा पुढचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित होऊन तयार होता. दोन दिवसांनी, ९ तारखेला, तो प्रसारित झाला. मधल्या एकोणऐंशी वर्षांत त्यांनी गाण्यांच्या तबकड्या काढल्या, जलसे भरवले, रेकॉर्ड कंपनी चालवली. पण मुख्यतः त्यांनी एकच काम केलं. लोकांनी मागितलेलं जुनं गाणं लावलं, आणि लावण्याआधी ते कुणी कुणासाठी मागितलं आहे हे सांगितलं.

हे दुसरं काम पहिल्याहून मोठं होतं, असं मला वाटतं. पुढची प्रकरणं त्याच विश्वासाने लिहिली आहेत.

मराठी वाचकाला फर्माईश म्हणजे काय ते सांगायला नको. विविध भारतीवर गाण्याआधी वाचली जाणारी नावांची लांबलचक यादी, त्यात हटकून येणारं झुमरी तलैया, मुंबई केंद्राची ‘आपली आवड’, फौजी भाइयोंसाठीची ‘जयमाला’ हे सगळं आपल्या कानांत मुरलेलं आहे. ‘बिनाका गीतमाला’चे अमीन सयानी आपल्या घरातलेच होते. लाबोंचं नाव मात्र इकडे कुणी फारसं ऐकलेलं नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या कामातच आहे. सयानींचा आवाज कोलंबोहून निघून सगळ्या उपखंडावर पसरायचा. लाबोंचा आवाज बहुतेक काळ लॉस एंजेलिस आणि आसपासच्या खोऱ्यांपुरता होता. त्यांच्या कार्यक्रमात गल्ल्यांची, शाळांची, वस्त्यांची नावं यायची. ती ऐकणाऱ्याला कळायची आणि बाहेरच्याला कळायची नाहीत. स्थानिक निवेदकाचं हेच बळ असतं आणि हीच त्याची मर्यादाही.

जन्मनाव आर्थर एग्नोइयन. ७ ऑगस्ट १९२५ रोजी यूटा राज्यातल्या मरी या गावी एका आर्मेनियन कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो आठ वर्षांचा असताना बहिणीने त्याला रेडिओ दिला. आईवडील विभक्त झाले आणि तेराव्या वर्षी तो लॉस एंजेलिसला बहिणीकडे राहायला आला. त्याच सुमारास त्याने झोपायच्या खोलीत हौशी रेडिओ केंद्र उभं केलं. महायुद्ध आलं तेव्हा तो नौदलात भरती झाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या ट्रेझर आयलंडच्या तळावर नेमला गेला. केंद्राकेंद्रातली अनुभवी माणसं लढाईवर गेलेली होती. या पोराकडे प्रक्षेपणाचा तांत्रिक परवाना होता. केएसएएन केंद्राने त्याला घेतलं. आडनाव बदलायला सांगण्यात आलं, तेव्हा त्याने केंद्रातल्याच एका सेक्रेटरीचं आडनाव उचललं. आर्थर एग्नोइयनचा आर्ट लाबो झाला तो असा.

फोनवरून निरोप घ्यायला लाबोंनी तिथेच सुरुवात केली. बंदराचं शहर, युद्धाचा काळ. पॅसिफिककडे जाणारी जहाजं तिथून सुटायची. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाचा होणारा नवरा समुद्रावर होता. अशा रात्री एखादी मुलगी फोन करून गाणं मागते तेव्हा तिला गाणं ऐकायचं असतंच, पण त्याहून जास्त तिला एक नाव मोठ्याने उच्चारलेलं ऐकायचं असतं. अठरा वर्षांच्या निवेदकाला हे कळलं. आयुष्यभर त्यांनी याच समजेवर काम केलं. गाणं हे पाकीट होतं आणि मजकूर ऐकणाऱ्यांचा होता.

युद्धानंतर ते लॉस एंजेलिसला परतले. १९५०च्या दशकात केपीओपी केंद्रासाठी ते हॉलिवूडमधल्या सनसेट आणि कहुएंगा या रस्त्यांच्या चौकातून, स्क्रिव्हनर्स ड्राइव्ह-इन या खाण्याच्या ठिकाणाहून थेट कार्यक्रम करायचे. ड्राइव्ह-इन म्हणजे गाडीत बसूनच खायचं ठिकाण. मोटारी ओळीने उभ्या राहतात, पोरी ट्रे घेऊन खिडकीशी येतात. शाळा सुटली की पोरं गाड्या घेऊन यायची. लाबो स्टुडिओत बंद नव्हते, त्यांच्यातच होते. ते मायक्रोफोन घेऊन बोलत आहेत, समोर उभ्या गाडीतला रेडिओ तेच ऐकवतो आहे, आणि गाडीतली पोरगी मागच्या गाडीतल्या मुलासाठी गाणं सांगते आहे, असं दृश्य रोजचं होतं.

इथेच त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पोरं नुसती नवी गाणी मागत नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वीची गाणीही मागत होती. सतरा वर्षांच्या मुलाला तो चौदाचा असतानाचं गाणं हवं होतं. रेडिओच्या धंद्यात ही अजब मागणी होती, कारण त्या धंद्यात गेल्या महिन्यातलं गाणंही शिळं मानत. लाबोंनी मागण्यांची यादी ठेवायला सुरुवात केली आणि त्या यादीतल्या गाण्यांना ‘ओल्डीज बट गुडीज’ म्हणायला लागले. पुढे या शब्दांचा त्यांनी व्यापारचिन्ह म्हणून हक्कही नोंदवला. आज जगभर ‘ओल्डीज’ म्हणून जे वाजतं, त्याचं मूळ साठीतल्या माणसांच्या हळहळीत शोधू नये. ते मोटारीत बसलेल्या शाळकरी पोरांच्या हट्टात आहे.

पण तीन वर्षांपूर्वीचं गाणं मागावं का लागत होतं? याचं उत्तर तेव्हाच्या रेकॉर्ड-धंद्यात आहे, आणि ते कळल्याशिवाय लाबोंच्या कामाची किंमत कळत नाही. डू-वॉप नावाचं जे गाणं तेव्हा जन्मलं, ते बहुतांशी कृष्णवर्णीय पोरांनी कोपऱ्या-कोपऱ्यावर, शाळेच्या जिन्यात उभं राहून रचलेलं. एक मुख्य आवाज, मागे तीन-चार आवाजांचा अर्थहीन अक्षरांचा ठेका, तळाशी खर्जातला एक आवाज. ही गाणी छोट्या कंपन्या काढायच्या. गाणं चाललं की बडी कंपनी तेच गाणं गोऱ्या गायकांकडून गाऊन घ्यायची, आणि मोठी केंद्रं ते दुसरं वाजवायची. लॉस एंजेलिसच्याच पेंग्विन्स या चौघांनी १९५४ साली डूटोन या छोट्या कंपनीसाठी ‘अर्थ एंजल’ गायलं. थोड्याच दिवसांत क्रू-कट्स या कॅनडियन गोऱ्या गायकांनी ते गाऊन आपल्या नावावर गाजवलं. अशा वेळी मूळ तबकडी दुकानातून नाहीशी व्हायला वेळ लागत नसे. म्हणून दोन वर्षांनी कुणी पेंग्विन्सचंच गाणं मागणं आणि कुणी तेच लावणं यात एक निवाडा होता. लाबो मूळ ध्वनिमुद्रण लावत राहिले. त्या गायकांतले कित्येक जण पुढे विस्मरणात जायचे वाचले, त्यात या लावण्याचा वाटा आहे.

नाचांचं प्रकरण याला जोडूनच येतं. लॉस एंजेलिस शहराच्या हद्दीत अठराच्या आतल्या मुलांचे सार्वजनिक नाच शिक्षण मंडळाच्या परवानगीवाचून भरवता येत नसत. लाबोंनी, आणि संगीतकार जॉनी ओटिस यांच्यासारख्या इतरांनीही, हे नाच हद्दीबाहेर नेले. शहराच्या मध्यापासून पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर एल माँटे नावाचं गाव आहे. तिथल्या लीजन स्टेडियममध्ये शनिवारी-रविवारी पोरं जमायची. लॉस एंजेलिसच्याच पाकोइमा वस्तीतला तरुण गायक रिची व्हॅलेन्स तिथे गायला. अठराही पुरी व्हायच्या आत, ३ फेब्रुवारी १९५९ला, तो विमान अपघातात गेला. गोरी, काळी, मेक्सिकन-अमेरिकन, आशियाई पोरं एका फरशीवर नाचायची, आणि तेही अशा काळात जेव्हा त्यांचे मोहल्ले वेगळे होते आणि शाळाही बहुधा वेगळ्या होत्या. हे स्टेडियम १९७४ साली पाडलं गेलं.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीच. शास्त्रीय संगीतावर त्यांचं खरं प्रेम होतं. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मग ऐकणाऱ्यांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. ३ डिसेंबर १९५२ला तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि विविध भारती यायला ऑक्टोबर १९५७ उजाडावं लागलं. लोकांच्या गाण्याला एका शहराने हद्दीबाहेर काढलं आणि एका देशाने सीमेबाहेर, त्याच दशकात. दोन्हीकडे गाणं थांबलं नाही. ते एल माँटेला गेलं, कोलंबोला गेलं. दोन्हीकडे त्याला नेणारा एक निवेदक मिळाला. केसकरांबद्दल मला आदर आहे, पण या बाबतीत ऐकणाऱ्यांची समज मंत्र्याहून पक्की होती, हे नोंदवायलाच हवं.

१९५९ साली लाबोंनी मागण्यांच्या त्या यादीचं पुस्तक करावं तशी एक तबकडी केली. तोवर लाँग-प्ले म्हणजे एका गायकाची किंवा एका नाटका-सिनेमाची गाणी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची, वेगवेगळ्या गायकांची एकेक गाणी एका तबकडीवर आणायची तर प्रत्येक मालकाला गाठून, बोलणी करून, रॉयल्टी ठरवून हक्क मिळवावे लागत. लाबोंनी ते केलं. आपल्या ओरिजिनल साउंड कंपनीतर्फे ‘ओल्डीज बट गुडीज’चा पहिला भाग काढला. एका बाजूला संथ गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला उडती, म्हणजे बिलगून नाचायला एक बाजू आणि घाम गाळायला दुसरी. हा भाग बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या यादीत १८३ आठवडे राहिला. साडेतीन वर्षं! पुढे त्याचे पंधरा भाग निघाले. आज ‘सदाबहार गीतं’, ‘निवडक अमुक’ अशी जी मिश्र संकलनं आपण सहज विकत घेत आलो, त्या प्रकाराची ही पहिल्या फळीतली वस्तू. त्याच कंपनीने सँडी नेल्सनचं ‘टीन बीट’ आणि प्रेस्टन एप्सचं ‘बाँगो रॉक’ ही ढोल-बाँगोंची वादनं गाजवली. १९६३ साली पेंग्विन्सकडून ‘मेमरीज ऑफ एल माँटे’ गाऊन घेतलं. ते लिहिलं होतं रे कॉलिन्स आणि तेव्हा अगदीच अनोळखी असलेल्या फ्रँक झॅपा यांनी. एका नाचघराची आठवण त्याच्या हयातीतच गाणं झाली होती.

रेडिओ निवेदकाच्या धंद्यात एवढी वर्षं टिकणं किती अवघड असतं, हे मुद्दाम सांगायला हवं. ॲलन फ्रीड हा पूर्वेकडचा सर्वांत गाजलेला रॉक अँड रोल निवेदक. रेकॉर्ड वाजवण्यासाठी पैसे घेण्याच्या प्रकरणात, ज्याला तिकडे पेओला म्हणत, त्याची १९५९ साली नोकरी गेली, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत, १९६५मध्ये, तो खचलेल्या अवस्थेत मेला. १९७२ साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमने जुन्या गाण्यांचा वसा घेतला आणि ती वाहिनी त्या प्रकाराचं माहेर बनली. पण ३ जून २००५ला मालकांनी एका दुपारी तो वसा टाकून दिला. निवेदक गेले, यंत्राने निवडलेली मिश्र गाणी आली. ऐकणारे चिडले, श्रोतृसंख्या घसरली आणि जुलै २००७मध्ये जुनी गाणी परत आणावी लागली. असा वसा टाकण्यामागे साधा हिशोब असतो. अमेरिकेतल्या जाहिरातदारांना साधारण पंचवीस ते चौपन्न वयाचा श्रोता हवा असतो. एखाद्या गाण्यावर प्रेम करणारी पिढी पंचावन्नची झाली की ते गाणं वाजवणाऱ्या केंद्राचा जाहिरातीचा दर पडतो. त्यात १९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभर किती केंद्रं बाळगावीत याची मर्यादाच उठवली. कंपन्यांनी शेकडो केंद्रं घेतली, आणि एका शहरातला निवेदक ध्वनिमुद्रण करून दहा शहरांत ‘स्थानिक’ बोलू लागला. गावची हवा, गावचा अपघात, गावची शाळा माहीत असलेला माणूस अनावश्यक खर्च ठरला.

लाबोंवरही ही वेळ आली. २०१५ साली लॉस एंजेलिसच्या ज्या एफएम केंद्रावर त्यांचा कार्यक्रम होता, त्याने रातोरात हिप-हॉपचा स्वीकार केला आणि त्यांचा कार्यक्रम गेला. ते तेव्हा नव्वदीला टेकले होते. श्रोत्यांनी निषेध केला, आणि थोड्याच काळात दुसऱ्या केंद्रावर त्यांचा आवाज पुन्हा लागला. निषेध करणारे बहुसंख्य मेक्सिकन-अमेरिकन होते, आणि यातले पुष्कळ पन्नाशीच्या खूप आत होते. जाहिरातदारांचा हिशोब इथे चुकतो. पूर्व लॉस एंजेलिसच्या घरांत ही गाणी आजीकडून आईकडे आणि आईकडून पोराकडे आली. बारशाला, लग्नाला, अंगणातल्या रविवारच्या जेवणाला तीच लागतात. तळ रस्त्याला टेकेल अशा खाली बसवलेल्या, आरशासारख्या चकचकीत मोटारी व्हिटियर बुलेव्हार्डवरून सावकाश चालवत नेताना तीच लागतात. कृष्णवर्णीय पोरांनी गायलेलं गाणं मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबाचा वारसा झालं, आणि ते पोचवणारा होता एक आर्मेनियन घरातला माणूस.

आता या चरित्राचा गाभा. १९९०च्या दशकापासून लाबोंचा फर्माईशीचा कार्यक्रम कॅलिफोर्नियाच्या पलीकडे नैर्ऋत्येतल्या इतर राज्यांतल्या केंद्रांवरूनही ऐकू येऊ लागला. त्यात एक खास प्रकारचा फोन वाढत गेला, तुरुंगातल्या माणसांसाठीचा. कॅलिफोर्नियाचे बरेच तुरुंग मध्य खोऱ्यात, शेतांच्या मधोमध, शहरांपासून शेकडो किलोमीटरवर आहेत. भेटीला जायचं तर दिवस मोडतो, पेट्रोलचे पैसे लागतात. तुरुंगातून येणारा फोन तेव्हा महाग असे. पण कोठडीत छोटा रेडिओ असू शकतो. मग बायको, आई, मुलगी लाबोंना फोन करी. ते आधी नाव विचारीत, मग कुठून बोलतेस, मग कुणासाठी, मग काय सांगायचं आहे. घाई करत नसत. शेवटी गाण्याचं नाव येई, आणि बहुधा जाता जाता त्या माणसासाठी फोनवरच एक पापी द्यायला सांगत. तो आवाज लहरींवरून जाई. आतली माणसंही त्यांना पत्रं लिहीत आणि घरच्यांसाठी गाणी मागत.

यातली एक हकिकत लाबोंनी वार्ताहरांना सांगितली होती. एक बाई आपल्या छोट्या मुलीला घेऊन स्टुडिओत आली. बाप गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा भोगत होता. मुलीने मायक्रोफोनवर बापाला सांगितलं की माझं तुमच्यावर प्रेम आहे. त्याने आपल्या लेकीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तो दणकट माणूस रडला. लाबोंचं यावर म्हणणं एवढंच होतं की ते कुणाचा निवाडा करत नाहीत, त्यांना माणसं आवडतात.

यावर आक्षेप येतो आणि तो मी टाळत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्या घरातही तोच रेडिओ लागत असेल. गुन्हेगाराचं नाव प्रेमाने हवेत गेलं तर त्यांना काय वाटेल? हा प्रश्न खरा आहे. पण शिक्षा देणं हे न्यायालयाचं काम आहे आणि ते त्याने केलेलं असतं. शिक्षेत मुलीचा आवाज तोडणं धरलेलं नसतं. आणि फोन करणाऱ्या बाईने तर काहीच केलेलं नसतं. लाबो तिला तिचं नाव सांगू देत होते, त्या माणसाचं नाव घेऊ देत होते, आणि मग तीन मिनिटांचं गाणं लावत होते. मला यात कुठे चूक दिसत नाही. उलट, सार्वजनिक लहरींचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

मानसन्मान त्यांना मिळाले. १९८१ साली हॉलिवूडच्या फुटपाथवर त्यांच्या नावाचा तारा बसला, २०१२ साली रेडिओच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव गेलं. या सन्मानांचा तपशील पुढे एका छोट्या प्रकरणात आहे आणि तो तेवढाच पुरे. त्याऐवजी ड्राइव्ह-इनवरची वर्षं, एल माँटे आणि तुरुंगाच्या फर्माईशी या तिन्हींना मी जास्त पानं दिली आहेत. रेकॉर्ड कंपनीच्या प्रकरणात हक्क आणि रॉयल्टीचं गणित थोडं सविस्तर आहे. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी ते ओलांडून पुढे जावं, धागा तुटणार नाही. गाण्यांचे शब्द कुठेही दिलेले नाहीत. ती वाचायची वस्तू नाही.

वाचायला बसण्यापूर्वी मात्र एक करावं. पेंग्विन्सचं ‘अर्थ एंजल’ आणि क्रू-कट्सचं ‘अर्थ एंजल’ लागोपाठ ऐकावं. दुसऱ्यात सूर सफाईदार आहेत, वाद्यमेळ भरीव आहे, कुठे काही सांडत नाही. पहिल्यात पियानो साधा आहे, ध्वनिमुद्रण गॅरेजमधलं आहे, आणि मुख्य गायक क्लीव्हलंड डंकन जरा दबकतच विनवतो आहे असं वाटतं. गाडीत बसलेल्या पोरीने या दोघांतलं कुठलं मागितलं असेल, ते ऐकून आपणच ठरवावं, आणि मग पहिलं प्रकरण उघडावं.